दोन सूत जास्त

आमचे हे सुतार. आयुष्यभर लोकांची दारं-खिडक्या बसवल्या, आणि घरचं जेवणाचं टेबल मात्र एका पायाखाली पुठ्ठा घालून उभं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! खिडकीच्या कोनाड्यात बसेल अशा टेबलासाठी एक सुंदर सागवानी फळी अठरा वर्षं माळ्यावर झोपली होती. "तुझ्या टेबलाची," म्हणायचे. मी म्हणायची, "हो, माझे दात पडले की करा."

गेल्या वर्षी यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, हे आता राहणारच. तेव्हापासून तो हात खिशात. चहासुद्धा डाव्या हाताने. दिवसभर बसून भिंतीवरचं ऊन सरकताना बघायचे. मी चिडचिड करायची, पण खरं सांगते, मला भीती वाटायची.

मग लेक आली, लांबलचक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेऊन. ती फळीवर घट्ट आवळायची, गोल पात्याची विजेची करवत तिच्या खाचेवर बसवायची आणि ढकलायची. करवत तसूभरही बाजूला सरकत नाही.

"रुळावरून करवत? मी काय इंजिन ड्रायव्हर आहे?"

"बाबा, रेघ तुमचीच. पट्टी नुसती वाट धरून ठेवते."

दुपारी यांनी फळी उतरवायला सांगितली. फळी एकच. बिघडली असती तर हा माणूस पुन्हा कामाला उभा राहिला नसता.

करवत सुरू झाली. उन्हात भुसा तरंगत होता, सागाचा वास घरभर पसरला, आणि मला वाटलं, आपलं नुकतंच लग्न झालंय, हे शेजारच्या खोलीत काम करतायत. आवाज थांबला तरी मी तिथेच होते, त्या जुन्या दुपारी.

काप अगदी सरळ. पण फळी कोनाड्यात जाईना! दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त. हाताने कापताना रेघेबाहेर थोडं लाकूड राखायचं, मग रंध्याने तासून रेघेवर आणायचं, ही यांची जन्माची सवय. पट्टीसुद्धा तशीच बाहेर लावलेली. आणि रंधा काही आता यांना झेपणार नव्हता.

हे मटकन खाली बसले. "संपलं."

"काय संपलं? पट्टी दोन सूत आत घ्या की!"

"अगं, एवढीशी चिंधी करवतीने निघते होय? हात जरा हलला की..." म्हणता म्हणता थांबले. पट्टीकडे बघत राहिले. मग उठले.

दुसऱ्या कापानंतर लाकडाची एक लांब, बारीक फीत खाली पडली. फळी कोनाड्यात अलगद बसली. यांनी फीत उचलली, उजव्या हाताने. ती टोकापर्यंत थरथरत होती. हात खिशात गेला नाही. मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? पेन्सिल घे. पायांची मापं सांगतो. माझा हात हलतो, तू लिही."