कूलर, सासरे आणि माझे हक्क

मेश्रामांच्या कूलरमध्ये काहीही दोष नव्हता. दोष माझ्यात होता, आणि त्याचं खापर मी नागपूरच्या सदर भागात, भर बाजारात त्यांच्या डोक्यावर फोडलं.

ऑफिसात ग्राहकांच्या हक्कांवर व्याख्यान झालं होतं. बिल जपा, माल खराब निघाला तर बदलून मागा, गप्प बसू नका. (वापरण्याच्या सूचना वाचा, असंही सांगितलं म्हणे. तेव्हा मी चहाच्या रांगेत होतो.) त्याच आठवड्यात पारशिवनीहून सासरे आले. धंतोलीतल्या दवाखान्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि मुक्काम आमच्याकडे. डोळ्याला पट्टी आणि वर मे महिना. म्हणून मेश्रामांच्या दुकानातून आयुष्यातला पहिला कूलर घेतला.

तो मी खोलीच्या मधोमध ठेवला. दारं-खिडक्या बंद केल्या, फटीत पोतं कोंबलं.

बायको म्हणाली, "अवो, खिडकी उघडू काय थोडी?"

"अगं, थंड हवा विकत घेतली आहे. गल्लीला वाटायला नाही."

दुसऱ्या दिवशी डब्यातले पापड मऊ पडले. तिसऱ्या दिवशी मिठाला पाणी सुटलं. चौथ्या दिवशी सासरे कण्हले, "जवाईबुवा, डॉक्टरनं सांगतलं, डोळ्याले पाणी लागू देऊ नका. इथं तं हवेतूनच येऊन राह्यलं."

मी बिल घेऊन सायकलवर निघालो.

दुकानात गर्दी होती. मुलीच्या लग्नासाठी एक गृहस्थ सगळ्यात मोठा कूलर पसंत करून खिशात हात घालत होते. मला तर श्रोतेच हवे होते.

"हा कूलर नाही, इडलीपात्र आहे," मी गरजलो. "चार दिवस म्हातारा माणूस वाफवतोय त्यात. मी ग्राहक आहे. गप्प बसणार नाही."

गृहस्थांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. "चाल वं," ते बायकोला म्हणाले, "दुसरीकडं पाहू."

मेश्राम त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "बिल दाखवा, साहेब."

मी तलवारीसारखं उपसलं. त्यांनी ते फक्त उलटं केलं. मागे त्यांच्याच अक्षरात होतं: 'खिडकीत बसवावा. समोरचं दार उघडं ठेवावं.' चार दिवस मी ते बिल देवासारखं जपलं होतं. पाठ कधी पाहिली नव्हती.

"बघतो," एवढंच म्हणून मी सायकल काढली.

घरी कूलर खिडकीत बसवला, दार उघडलं. अर्ध्या तासात सासऱ्यांनी चादर मागितली. तेव्हा मला जास्तच वाईट वाटलं.

"त्या मेश्रामभाऊनं पहिल्यांदाच दुकान लावलं," सगळं ऐकून बायको म्हणाली. "लोकायचे कूलर दुरुस्त करू करू पैसा जोडला. एका उन्हाळ्यात वर्ष काढा लागते त्याले. अन् तुम्ही गिऱ्हाईक हाकलून आले."

त्या रात्री घरात एकट्या मलाच घाम आला.

सकाळी दुकानात गेलो. "मेश्राम, माफी मागायला आलो."

"मले एकट्याले सांगून काय फायदा, साहेब? काल किती लोकायसमोर बोलले?"

तेवढ्यात दोन बाया आत आल्या. मी घसा साफ केला. "ताई, डोळे मिटून घ्या. याच्यासारखा कूलर नागपुरात नाही. हवा कशी, माठातल्या पाण्यासारखी."

थोरलीनं मला आपादमस्तक न्याहाळलं, मग मेश्रामांना विचारलं, "ह्या माणसाले पगार किती देता हो?"

मेश्राम गालात हसत बिलबुक चाळू लागले. मदत करण्याचा त्यांचा अजिबात विचार दिसला नाही.

"पगारी नाही, ताई," मी म्हणालो. "मी मूर्ख आहे. यांनी लिहून दिलेलं वाचलं नाही, खोली बंद करून सासऱ्यांना वाफवलं, आणि काल इथंच उभं राहून यांची अब्रू काढली. मेश्राम, माझं चुकलं. मला माफ करा."

बाईंनी कूलर घेतला. एवढा बावळट माणूस कुणी पगारावर ठेवणार नाही, हे त्यांना पटलं असावं.