मावशीला बोलायला माणूस हवं

माझ्या मावशीला चंद्रावर नेऊन सोडलं, तरी संध्याकाळपर्यंत ती तिथल्या शेजारणीकडून वाटीभर विरजण घेऊन येईल, असं आमच्या घरात सगळे छातीठोकपणे सांगायचे. अमेरिकेतल्या फ्रीमाँटने आमचं हे म्हणणं पार खोटं पाडलं. काका गेल्यावर मावसभावाने तिला कायमचं इकडे आणलं. टाउनहाउसमध्ये स्वतंत्र खोली, मऊ गादी, हव्या तेवढ्या मराठी मालिका, सगळं आहे. नाही तो फक्त शेजार. म्हणजे शेजारी आहेत, पण गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत शिरते, दार खाली येतं, की माणूस गडप! एका शेजारणीला मावशीने वाटीभर साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी वाटी दारात. लख्ख घासलेली, रिकामी, सोबत थँक यूचं कार्ड. "अगं, वाटी कुणी रिकामी परत करतं का? साखरेचे चार दाणे तरी टाकायचे!" असं ती त्या कार्डालाच सांगत होती. गाडीची वॉरंटी विकायला फोन करणाऱ्या एका पोराला तिने आई-वडील कुठले, लग्न झालं का, जेवलास का, इतकं विचारलं की शेवटी फोन त्यानेच कट केला. असल्या पोरांना फोन ठेवायला लावणारी बाई जगात हीच असेल. आणि दर वेळी भेटलं की तिचं एकच पालुपद, "मला इथे कसलीही कमी नाही रे. फक्त बोलायला माणूस हवं."

मला उलट माणसं नको झाली होती. मीटिंगा, ट्रॅफिक आणि मॅनेजर यांना कंटाळून मी जाहीर केलं की यंदाच्या सुट्टीत दक्षिण फ्रान्समधल्या एका खेडेगावात जायचं, दगडी घर भाड्याने घ्यायचं आणि तिथल्यांसारखं राहायचं. त्यासाठी फ्रीवेवर रोज गाडीत अ‍ॅप लावून फ्रेंच शिकलो. शेजारच्या लेनमधले लोक मी फोनवर भांडतोय असं समजून अंतर ठेवायचे. मावशीला बरोबर घेतलं, कारण मावसभावाला रजा नव्हती आणि ती एकटी पडली असती. हे जाहीर कारण झालं. खरं कारण आमच्या हिने विमानतळावरच फोडलं, "याला तिसऱ्या दिवशी वरणभात लागणार, म्हणून मावशींना नेतोय!"

गाव मात्र होतं खरं देखणं. अरुंद गल्ल्या, चौकात जुनी झाडं, दिवसाढवळ्या किरकिरणारे किडे, आणि दुपारी सगळ्या खिडक्या गुडुप बंद. मी उन्हातान्हात दुकानाचं दार ठोठावत बसलो, तर मावशी म्हणाली, "झोपू दे की त्यांना. शहाणी माणसं आहेत." पहिल्याच सकाळी पाव आणायला मी ऐटीत बेकरीत शिरलो आणि पाठ केलेलं लांबलचक वाक्य एका दमात म्हणून टाकलं. बेकरीवालीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चपला घालून देवघरात शिरलोय. तिथे म्हणे आधी नमस्कार-चमत्कार करायचा, मग पाव मागायचा. अ‍ॅपने हे मला पहिल्याच धड्यात सांगितलं होतं, पण तो धडा सोपा म्हणून मी गाळला होता. माझ्या मागून मावशी आली, दुकानातल्या झाडून सगळ्यांना हात जोडून "नमस्कार हं, नमस्कार" म्हणाली, आणि माझ्याआधी पाव घेऊन बाहेर पडली. माझं पुढचं फ्रेंच ऐकून बेकरीवालीने सरळ इंग्रजीत विचारलं, काय हवंय? "बाबा, प्लीज स्टॉप," माझी मुलगी म्हणाली.

आमच्या दारासमोरच एक म्हातारी बाई राहायची. ऊन उतरलं की ती खुर्ची गल्लीत टाकून, मांडीवर टोपलं घेऊन शेंगा मोडत बसायची. मावशीने खिडकीतून थोडा वेळ पाहिलं आणि तिचा धीर सुटला. "शिरा न काढता मोडतेय रे ती!" असं म्हणत ती गल्ली ओलांडून गेली, त्या बाईच्या पायरीवर बसली आणि टोपल्यातल्या मूठभर शेंगा स्वतःच्या ओच्यात घेतल्या. मी घाबरून मागे धावलो. दोघींनी मला वर-खाली न्याहाळलं आणि पुन्हा शेंगांत डोकं घातलं.

त्या दिवसापासून मावशी आम्हाला दिसेनाशी झाली. लव्हेंडरची शेतं बघायला चल म्हटलं, तर "तुम्ही जा, फोटो दाखवा." किल्ला बघायला चल म्हटलं, तर "पडकाच ना?" संध्याकाळी परत यावं तर ही पायरीवर. ती मराठीत, त्या बाई फ्रेंचमध्ये, मधूनच दोघी गुडघ्यावर हात ठेवून उसासा टाकायच्या, मधूनच खदखदून हसायच्या. मी एकदा माझं फ्रेंच पाजळत दुभाषा व्हायला गेलो. मावशीचं एक वाक्य मी भाषांतर करून सांगितलं, तर त्या बाईंनी छातीवर क्रूस काढला. काय सांगितलं मी, देव जाणे. "तू जा रे," मावशी म्हणाली, "मध्ये मध्ये बोलू नकोस." मग शांततेच्या शोधात अमेरिकेहून आलेला मी, वायफायची रेंज फक्त न्हाणीघराच्या खिडकीत येते म्हणून, तिथे उभा राहून ऑफिसच्या ईमेल बघायचो. खाली या दोघींचा हशा.

निघताना मावशी लहान मुलीसारखी रडली. त्या बाईंनी तिचे दोन्ही गाल मुके घेऊन ओले केले.

घरी आल्यावर तिने फ्रीमाँटमध्येही दारासमोर खुर्ची टाकली. लगेच तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनची ईमेल: घरापुढे फर्निचर ठेवू नये. मग ती गॅरेजचं दार उघडून आत बसायला लागली. गाडीतून कुणी हात केला की तेवढं मला फोन करून सांगायची. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, एवढं फ्रेंच शिकलोय ते कशासाठी? फ्रान्समधल्या घरमालकाकडून नंबर मिळवला आणि एका शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावून दिला.

मावशी नवी साडी नेसून बसली होती. पडद्यावर त्या बाई आल्या, त्यांनीही केस विंचरलेले. दोघींचे चेहरे फुलले. "बऱ्या आहात ना?" मावशीने विचारलं. मी भाषांतर केलं. बऱ्या होत्या. मग त्यांनी तेच विचारलं. मावशीही बरी होती. मग दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मी हवेबद्दल काहीतरी जोडून पाहिलं. पडद्यावर त्या बाई अवघडून हसल्या, इकडे मावशी पदर सारखा करत राहिली.

"ठेव रे फोन," ती हळूच म्हणाली. "त्यांना उगाच बोलायला लावू नकोस."

"अगं, तिथे तर तासन्‌तास बोलायचात तुम्ही!"

"बोलायचो कुठे?" मावशी म्हणाली. "बसायचो."

आता शनिवारी संध्याकाळी मी तिच्याकडे जातो. गॅरेजमध्ये तिच्या खुर्चीशेजारी माझी खुर्ची टाकून बसतो. मला धड बसता येत नाही. हात सारखा खिशाकडे जातो, आणि काहीतरी विषय काढावा म्हणून मी पेट्रोलच्या भावावर बोलायला लागतो. मावशी ऐकून घेते. त्या बाईंची सर मला यायची नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. रस्त्यावरून गाड्या जातात, दारं वर होतात, खाली येतात.

"आता त्या झोपल्या असतील," ती मध्येच म्हणते.

मी "हो" म्हणतो, आणि मग पुष्कळ वेळ आम्ही काही बोलत नाही.