डॉन आमिल्कारची खुर्ची

मेतापान गावात चुन्याच्या भट्ट्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर निन्या ओब्दुलियाची मक्याची गिरणी आहे. आमच्याकडे बाई साठीची झाली तरी तिला मानाने निन्या, म्हणजे पोरगी, म्हणायचं. आणि पुरुषाच्या खिशात दमडी नसली तरी तो डॉन. ओब्दुलियाला मात्र हे नाव शोभायचं. सकाळी बायका चुन्यात उकडलेला मका घमेल्यांतून घेऊन येत, आणि ही एका हाताने मका लोटत, दुसऱ्या हाताने पीठ ओढत, तोंडाने चारजणींची उणीदुणी काढत उभी असायची. बसलेली ओब्दुलिया कुणाच्या पाहण्यात नव्हती.

नोव्हेंबरात ती गिरणीतल्या ओल्या फरशीवर घसरली आणि घोट्याच्या वरचं हाड मोडून बसली. डॉक्टरने गुडघ्याच्या खालपर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, जानेवारी संपेपर्यंत हा पाय जमिनीला लावायचा नाही. तिने मुकाट्याने मान हलवली. पण जानेवारीतच तर तिला सीमेपलीकडे, ग्वाटेमालात, एस्किपुलासच्या देवळातल्या काळ्या लाकडी ख्रिस्ताकडे जायचं होतं. गेल्या वर्षी नात तापाने फणफणली होती तेव्हा ती त्याला बोलली होती, पोरगी उठू दे, दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर येईन. पोरगी उठली. आता शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना बदडते.

"पाय मोडलाय हे देवाला दिसतं की," तिची धाकटी बहीण एर्मिनिया म्हणाली. "पुढच्या वर्षी जा."

"त्याने पोरीला पुढच्या वर्षी बरं केलं का?"

"मग काय सीमेपर्यंत सरपटत जाणारेस?"

तोड काढली ती डॉन आमिल्कारने. त्याचं घर गिरणीच्या समोरच. भट्टीवर काम करताना भिंतीवरून पडला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून कमरेखाली त्याला काही कळत नाही. एकदा एर्मिनियाच्या हातून उकळती कॉफी त्याच्या पावलावर सांडली, तर हा शांतपणे म्हणतो कसा, "काय करपलं गं?" भट्टीवाल्यांनी फुटबॉलचे सामने भरवून त्याच्यासाठी चाकांची खुर्ची आणली होती. तिच्यात बसून तो दिवसभर दारात असायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टोपी उडवायचा. ती खुर्ची होती म्हणून त्याला रस्ता होता, माणसं होती. नाहीतर मग खाट आणि वरचे पत्रे.

"माझी खुर्ची ने," तो म्हणाला.

"आणि तुम्ही काय करणार?"

"मला कुठे नाचायला जायचंय? दोन दिवस पत्रे मोजत पडेन." मग जरा थांबून, नेहमीच्या थट्टेच्या आवाजात म्हणाला, "खुर्ची माझी, म्हणजे अर्धा मी आलोच की तुझ्याबरोबर. त्याच्यासमोर नीट उभी कर तिला. माझं नाव सांग. म्हणावं, मोजताना यालाही धरा."

तो हसला. ओब्दुलियाला काही हसू आलं नाही. "निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुर्ची तुमच्या दारात असेल," तिने शब्द दिला.

वस्तीने केलेल्या बसच्या टपावर खुर्ची बांधली आणि सगळे निघाले. सीमेवर ग्वाटेमालाच्या पोरसवदा अधिकाऱ्याने वर पाहिलं. "ही कुणाची?"

"शेजाऱ्याची," एर्मिनिया म्हणाली.

"शेजारी कुठाय?"

"घरी."

"मालक घरी आणि खुर्ची परदेशी? तिची कागदपत्रं?"

ओब्दुलियाने खिडकीतून प्लास्टरचा पाय बाहेर काढला. "शिक्का मारायची एवढी हौस असेल तर इथे मार बाबा. जागा भरपूर आहे." आणि त्या गड्याने खरंच हसत हसत प्लास्टरवर शिक्का मारला. बसमध्ये एस्किपुलास येईपर्यंत तोच विषय चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाच्या रांगेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. झिरमिळ्या लावलेल्या टोप्या, मेणबत्त्यांचा धूर, कडेवरची पोरं, मागून रेटा. मंदिराच्या दारात ओब्दुलिया खुर्चीतून खाली उतरली आणि गुडघ्यांवर निघाली. प्लास्टर फरशीवर खरडत होतं, तिच्या कपाळाला घाम सुटला होता. मागून एर्मिनिया रिकामी खुर्ची ढकलत, नाक पुसत येत होती. लोक बाजूला सरून वाट देत होते. एकदाची ती वेदीशी पोचली. काचेमागे तो काळासावळा, मान कलती टाकलेला. "पोरगी बरी आहे," ती त्याला म्हणाली, "मी आले." आता आमिल्कारचं नाव सांगायचं, म्हणून तिने कठडा धरला आणि धड पायावर भार देऊन उभी राहिली, कारण मागचा लोंढा तिला तुडवून पुढे जाणार होता.

पाठीमागून एक बाई किंचाळली. "उठली. खुर्चीतली बाई उठली."

पुढचं इतकं भराभर झालं की ओब्दुलियाला तोंड उघडायला फुरसत मिळाली नाही. कुणी रडायला लागलं, कुणी गुडघे टेकले, टाळ्या सुरू झाल्या, आणि चमत्कार, चमत्कार असा एकच गलका उठला. दोन धिप्पाड पुरुषांनी तिला बगलेत धरलं. त्यातल्या एकाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "चल माई, त्यानेच उठवलंय तुला, भिऊ नको," म्हणत त्यांनी तिला दाराकडे न्यायला सुरुवात केली.

तिथे कुणी त्या ख्रिस्ताला पाठ दाखवत नाही. सगळे त्याच्याकडे तोंड करून उलटं चालत दाराबाहेर पडतात. ओब्दुलिया आयुष्यात कधी त्याच्याकडे पाठ करून निघाली नव्हती, आणि आज तर दोघांनी तिला दोन्हीकडून धरलेलं. मागच्या मागे चालताना तिने पाहिलं, डॉन आमिल्कारची खुर्ची लोकांच्या डोक्यांवरून जात होती. या हातातून त्या हातात. बरे झालेले लोक कुबड्या सोडून जातात त्या बाजूच्या भिंतीकडे. "माझी नाही ती," ती ओरडली. "दुसऱ्याची आहे, ठेवा खाली." पण त्या गजरात तिचं तिलासुद्धा ऐकू आलं नाही. प्रत्येक पावलाला मोडका पाय जमिनीला लागत होता आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ती रडायला लागली. लोकांना वाटलं, आनंदाने.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी तिला बसवलं तर तिच्याभोवती कोंडाळं जमलं. कुणी तिच्या पायाला हात लावून छातीला लावत होतं. एकीने केसांतली पिन काढून प्लास्टरचा कपचा उचकटला आणि रुमालात बांधला. मग काय, तिचं बघून सगळ्याच. सीमेवरचा शिक्का असलेला तुकडा कुणीतरी होंडुरासची बाई घेऊन गेली. ओब्दुलिया नुसती बघत राहिली. आपलाच पाय आणि आपल्यालाच विचारत नाहीत, याचा तिला इतका धक्का बसला की शिवी द्यायचंसुद्धा सुचेना. आणि शिव्यांच्या बाबतीत ती काही कमी नव्हती.

एर्मिनिया गर्दीतून वाट काढत आली ती थेट गळ्यातच पडली. "चाललीस गं बाई तू."

"चालले नाही, फरफटले. खुर्ची कुठाय?"

"आता खुर्ची कशाला?"

ओब्दुलियाने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. एकाच आईच्या पोटची, आयुष्यभर एका घरात राहिलेली, तिलासुद्धा खरंच वाटत होतं. "एर्मिनिया, पाय मोडलेलाच आहे. मेला ठणकतोय. लोकांना सांग."

पण सांगायची वेळ आली तेव्हा समोर एक बाई उभी होती. डोंगरातली असावी, पायात रबरी चपला. तिच्या कडेवरच्या एवढ्याशा पोराची मान एका बाजूला लोंबत होती. तिने काही मागितलं नाही, नुसतं पोर ओब्दुलियाच्या ओटीत ठेवलं आणि हात जोडून उभी राहिली. पोर हलकं होतं, फारच हलकं. "मला काही झालेलं नाही" हे शब्द ओब्दुलियाच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले. पोराच्या कपाळावर हात ठेवला. बाईने तिचा हात धरून त्याचं चुंबन घेतलं आणि गेली. आणि ओब्दुलियाला आत कुठेतरी स्वतःचीच घाण वाटत राहिली.

गर्दी पांगली तशी तिने एर्मिनियाला आत पिटाळलं. भिंतीशी कुबड्या नीट लावत बसलेल्या म्हाताऱ्या सेवेकऱ्याने तिचं ऐकून घेतलं. "माणूस वाट बघत असेल तर न्यायलाच हवी," एवढंच म्हणाला, आणि बाजूच्या दाराने खुर्ची बाहेर आणून दिली. ओब्दुलियाने डोक्यावरून शाल ओढली, झिरमिळ्यांची टोपी नाकापर्यंत आणली आणि खुर्चीत बसून चोरासारखी मागच्या गल्लीतून निघाली. खुर्ची मिळाली याच आनंदात ती होती.

तिला बसमध्ये आणि खुर्ची टपावर चढवताना बघून सगळ्यांचे चेहरे उतरले. वस्तीतली निन्या लिचा तर फणकारली, "देवाने दिलेलं कुणी असं परत करतं का?"

"दिलं असतं तर ठेवलं असतं."

"तुझा विश्वासच नाही, म्हणून पाय परत मोडला."

"परत मोडायला आधी जुळावा लागतो, लिचा. तू गप बस, नाहीतर तुझ्या मक्यात खडे दळून देईन." कुणी हसलं नाही.

सीमा ओलांडल्यावर एर्मिनियाने हळूच विषय काढला. ती बराच वेळ शालीचं टोक पिळत होती. "मी पायऱ्यांवरून फोन केला होता."

"कुणाला?"

"डॉन आमिल्कारना. मला राहवलंच नाही गं."

ओब्दुलिया गर्रकन वळली. "काय सांगितलंस?"

"हेच, की तू उठलीस. चालत येतेयस. त्यांनी एवढंच विचारलं, माझी खुर्ची तेव्हा त्याच्यासमोर होती ना? मी म्हटलं, होती. बरं म्हणाले आणि ठेवून दिला."

"लाव फोन. आत्ता लाव."

फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. परत लावला. मग डोंगराच्या वळणांत तोही लागेना. ओब्दुलियाला आठवलं, मोजताना यालाही धरा. ती थट्टा नव्हती हे तिच्या आत्ता डोक्यात शिरत होतं. दोन तास एका जागी बसून तिने मनातल्या मनात त्याला सांगायची वाक्यं जुळवली आणि एकही धड होईना. "मला बोल काहीतरी," एर्मिनिया म्हणाली. ओब्दुलियाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

दिवस मावळायला बस वस्तीत शिरली तेव्हा बातमी आधीच पोचलेली होती. गिरणीपुढे माणसं जमली होती, कागदाच्या पताका लावल्या होत्या, घमेल्यात पानांत गुंडाळलेले मक्याचे तामाले वाफाळत होते. टपावरून खुर्ची खाली आली, तिच्यात ओब्दुलियाला बसवलं, आणि सगळं चिडीचूप झालं. वाती पेटवून ठेवलेले फटाके तेवढे थांबायला तयार नव्हते. ते शेवटपर्यंत वाजले. कुणाकडेही न बघता तिने स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत समोरचं घर गाठलं.

डॉन आमिल्कार खाटेच्या कडेवर बसला होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले. पाय जमिनीवर नीट टेकवून ठेवले होते, आणि त्या पायांत बूट होते. काळे, चकचकीत पॉलिश केलेले. पडल्यापासून ते खाटेखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले असत, वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्याने ते चढवायला, नाड्या बांधायला त्याची सगळी दुपार गेली असणार. म्हणूनच फोन उचलला नव्हता. बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरून ओब्दुलिया दारातच थांबली.

त्याने खुर्चीकडे पाहिलं. मग कपचे उडालेल्या प्लास्टरकडे.

"चालत येणार होतीस म्हणे."

"नाही डॉन आमिल्कार. मी कठडा धरून उभी राहिले, तेवढंच. लोकांनी उचललं, ढकललं. मी त्यांना नाही म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं."

बाहेर कुणीतरी पोरांना घरी हाकत होतं.

"त्याला माझं नाव सांगितलंस?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तिच्या डोळ्यांपुढे ती रबरी चपलांची बाई आली.

"सांगणारच होते. तेवढ्यात ती किंचाळली. राहून गेलं."

डॉन आमिल्कारने मान हलवली, एकदा, मग पुन्हा. "मग त्याचा दोष नाही," तो म्हणाला. शर्टाचं वरचं बटण त्याने सोडलं. "हे बूट काढ गं जरा. केव्हापासून चावतायत."

ओब्दुलिया खुर्चीतून घसरत जमिनीवर बसली, मोडका पाय बाजूला लांब केला आणि नाड्यांना हात घातला. गाठी फार आवळून मारल्या होत्या, नखांना येईनात.

"कुठला चावतोय?" तिने वर न बघता विचारलं.

"दोन्ही," तो म्हणाला.