ग्रँड म्हणजे ‘तपासून योग्य’

सरळ सांगते, मला सूड आवडतो. माफ करणारी माणसं मोठ्या मनाची असतील, असू देत बापडी. दुबई मरीनातल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत मी परचेसला नऊ वर्षं काढली आणि ती सगळी डर्मट नावाच्या माणसाच्या हाताखाली काढली. त्यामुळे मला क्षमेचे धडे कुणी देऊ नयेत. पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सुलक्षणाताईची आहे. ती आमची डॉक्युमेंट कंट्रोलर. कंपनीचा प्रत्येक कागद तिच्या हाताखालून जायचा, आणि दर सोमवारच्या मिटिंगचे मिनिट्स तीच लिहायची.

डर्मट आयर्लंडमधल्या कॉर्कचा. प्रोजेक्ट डायरेक्टर. सहा फूट उंच, उन्हाने लाल झालेली मान, आणि मिटिंगमध्ये बोलायचा असा की जणू गावातल्या मित्रांबरोबर बसलाय. आमचे इंजिनियर केरळचे, कॉस्टिंगवाला लेबनॉनचा, क्लायंटची माणसं अमिराती आणि इजिप्शियन. त्याचं निम्मं बोलणं कुणालाच कळायचं नाही. पण कळलं नाही असं कबूल कोण करणार? सगळे माना डोलवायचे. एकटी सुलक्षणाताई पेन चालवत असायची, कारण तिला कळायचं.

कळायचं, कारण तिने वही केली होती. साधी शंभर पानी वही. डावीकडे डर्मटचा शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलेली बाई, तिला न समजलेला शब्द झोपू द्यायचा नाही. कधी ती हसून डर्मटलाच विचारायची, त्यालाही मग समजावायला चेव यायचा. बाकीचे अर्थ एका म्हाताऱ्या आयरिश सर्व्हेअरने रिटायर होऊन जाण्याआधी सांगितले होते. मी ती वही कितीदा चाळली असेन. ‘ईजिट: येडपट. गॉबशाइट: तोंडाळ गाढव. कल्ची: गावंढळ. डोस: डोक्याला ताप. स्लीव्हीन: गोड बोलून काटा काढणारा. युअर मॅन: तो बाबा, म्हणजे समोर नसलेला कुणीही. गिव्हिंग आउट: किरकिर. बँजॅक्स्ड: पार वाट लागलेलं. जॅक्स: संडास.’ इंग्रजीत अर्थ का नाही लिहिलास, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाली, मराठीत लिहिलं की शिवी किती लागते ते बरोबर कळतं.

आता शिव्यांनी भरलेलं बोलणं क्लायंटला जाणाऱ्या कागदात कसं लिहायचं? तर ती ते धुऊन लिहायची. साहेबाचं तोंड घाण असलं तरी कागद स्वच्छ हवा, हे आपल्या लोकांच्या रक्तातच आहे. अकरा वर्षांत तिचे साचे ठरून गेले होते. डर्मटने कशाला ‘ग्रँड’, म्हणजे त्याच्या बोलीत ‘चालेल’, म्हटलं, की ती लिहायची ‘तपासून योग्य आढळले’. ‘युअर मॅनला सांगा’ म्हटलं, की ‘फोरमनने खातरजमा करावी’. कुणाला ईजिट म्हटलं, की ‘सूचनेची नोंद घेतली’. मिनिट्स इतके गोड उतरायचे की क्लायंट डर्मटला सभ्य आणि काळजी घेणारा माणूस समजायचा. डर्मट न वाचता सही करायचा. मिटिंगमध्ये टेबलावर सगळ्यांच्या देखत रेकॉर्डर ठेवलेला असायचा, सही झाली की रेकॉर्डिंग पुसायचं असा नियम. ही बाई पुसायची नाही. का, तर म्हणे पुढेमागे शब्द अडला तर ऐकायला बरं.

घरीही तिच्या तोंडात ते शब्द बसले होते. जेवण कसं झालंय विचारलं की ग्रँड म्हणायची. तिची मुलगी पर्णिका कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, ‘मम्मा, प्लीज, यू साउंड सो वीअर्ड.’

डर्मट तिला पाहुण्यांसमोर ‘अ ग्रँड लिटल योक’ म्हणायचा. ती चार वर्षं त्यावर थँक्यू म्हणत राहिली. मग त्या सर्व्हेअरने अर्थ सांगितला. योक म्हणजे वस्तू. ज्याचं नाव आठवत नाही ती, ते हे काय ते. सर्व्हेअर म्हणाला, तो प्रेमाने म्हणतो, मनावर घेऊ नका. तिने वहीत लिहिलं, ‘योक: वस्तू. मी.’ त्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, ताई, याचा हिशेब झालाच पाहिजे. पुढे थँक्यू म्हणणं तिने बंद केलं.

मग फुजैरा झालं. तिथे तेलाच्या टाक्यांना रंग द्यायचं आमचं काम चालू होतं. परांचीचा, म्हणजे स्कॅफोल्डिंगचा फोरमन होता अलीमियाँ, दाभोळ खाडीकडचा, एकोणीस वर्षं कंपनीत. त्याने साइटवरून ईमेल केली की परांचीच्या फळ्या जुन्या झाल्यात, नव्या द्या. सोमवारच्या मिटिंगमध्ये ती ईमेल वाचली गेली. मी तिथे होते, कारण फळ्या मागवायच्या तर मलाच मागवाव्या लागणार. डर्मट हसला आणि म्हणाला की त्या बँजॅक्स्ड आहेत हे मलाही ठाऊक आहे, पण अजून महिनाभर ग्रँड चालतील. युअर मॅनला सांगा, गिव्हिंग आउट बंद कर, ईजिट कुठला. सुलक्षणाताईने नेहमीच्या साच्यात लिहिलं: ‘फळ्या तपासून योग्य आढळल्या, अंतिम खातरजमा फोरमनने करावी.’ मिनिट्स क्लायंटकडे आणि साइटवर गेले. मी फळ्या मागवल्या नाहीत.

गुरुवारी फळी मोडली. युसुफ पडला. अलीमियाँच्या बहिणीचा मुलगा, चौतीस वर्षांचा, त्याच्याच टोळीत कामाला होता. जिवंत राहिला, पण कमरेखाली काही हलेना.

आणि डर्मटने काय करावं? चौकशीत तोच मिनिट्सचा कागद पुढे केला. बघा, लेखी आहे, खातरजमा फोरमनने करायची होती, त्याने केली नाही. अलीमियाँचं काम थांबवलं. चौकशीत दोष त्याच्या नावावर लागला तर पुढे पोलीस केस, मग त्याला कुठल्याही साइटवर उभं करणार कोण? भाच्याची कंबर गेली ती गेली, वर ती मामानेच मोडली असा शिक्का. डर्मट सुलक्षणाताईच्या टेबलापाशी आला, मिनिट्स बरोबर आहेत एवढंच चौकशीत येऊन सांग म्हणाला, रेकॉर्डर पुसलास ना विचारलं, आणि जाताना ‘गुड गर्ल’ म्हणून गेला. बावन्न वर्षांच्या बाईला.

मी पेटले होते. ती मात्र शांत होती. म्हणाली, ‘ऋता, त्याला मी अकरा वर्षं झाकला. आता भर मिटिंगमध्ये उघडा करते.’

तिला मी सांगितलं, यात तुझंही जाईल. मिनिट्स बदलून लिहिले असं कबूल करावं लागेल. नोकरी, व्हिसा, पर्णिकाची बारावी, सगळं त्या नोकरीवर होतं. ती म्हणाली, खलास, ठरलं. पुढचे आठ दिवस ती लंच न घेता हेडफोन लावून बसली. फक्त त्या एका मिटिंगचं नाही, दोन वर्षांच्या सगळ्या सोमवारांचं डर्मटचं बोलणं तिने शब्दाला शब्द टाइप केलं. शेवटी तीन पानांची पुरवणी जोडली: आयरिश शब्द, त्यांचे अर्थ. या खेपेला इंग्रजीत. मी त्याच्या चार प्रती काढल्या, स्टेपल केल्या, आणि खरं सांगू, स्टेपलरचा तो आवाज मला फार गोड लागला.

चौकशी फुजैराला क्लायंटच्या ऑफिसात होती, परचेसची म्हणून मलाही बोलावलं होतं. क्लायंटचे सेफ्टी मॅनेजर अमिराती गृहस्थ, हळू आवाजात बोलणारे. मिनिट्स अचूक आहेत का, त्यांनी विचारलं. डर्मटने तिच्याकडे बघून मान हलवली. तिने सांगितलं की नाहीत, ते मी धुतलेले आहेत, खरे हे आहेत. आणि प्रती वाटल्या. डर्मट म्हणाला की ही थट्टा आहे, आमच्याकडची बोली आहे, तिचा अर्थ बाहेरच्याला लागत नाही. मग तिने रेकॉर्डिंग लावलं. त्याचाच आवाज, त्याचंच हसू. प्रत्येक वाक्यानंतर थांबायची आणि पुरवणीतून अर्थ वाचायची, आवाज न चढवता, शाळेत हजेरी घ्यावी तशी. बँजॅक्स्ड: मोडकळीला आलेलं, निकामी. गिव्हिंग आउट: तक्रार करणं. ईजिट: मूर्ख. सेफ्टी मॅनेजर प्रत्येक शब्द पेनाने अधोरेखित करत होते.

तिथे थांबता आलं असतं. अलीमियाँ तेवढ्याने सुटत होता. पण ती थांबली नाही, आणि मीही मनातल्या मनात यल्ला यल्ला, चल पुढे, करत होते. तिने पुढचं पान उलटलं. डर्मट मार्चमध्ये कुणाला स्लीव्हीन म्हणाला होता, तर समोर बसलेल्या याच सेफ्टी मॅनेजरांना. अर्थ: वरून गोड, आतून लबाड. इजिप्शियन इन्स्पेक्टर गॉबशाइट. लेबनीज कॉस्टिंगवाला डोस. ती एकेक वाचत गेली आणि डर्मटची मान लाल होती ती पांढरी पडत गेली. शेवटी तिने माझ्या मते सगळ्यात छान केलं. योक हा शब्द वाचला, अर्थ वाचला, आणि म्हणाली, ‘हे मला म्हणतात.’ मग खाली बसली.

डर्मट त्या महिन्यात गेला. या क्लायंटच्या कुठल्याही कामावर त्याला घ्यायचं नाही असं लेखी आलं, आणि फळ्यांची जबाबदारी त्याच्या नावावर गेली. अलीमियाँ सुटला. सुलक्षणाताईलाही कंपनीने काढलं, खोटे मिनिट्स लिहिले म्हणून. ती हसत बाहेर पडली. पुढच्या महिन्यात मीही राजीनामा दिला. त्या आनंदात आम्ही दोघींनी मरीनाच्या कडेने चालत आइस्क्रीम खाल्लं, शाळकरी पोरींसारखं. इतकी खुश मी तिला कधी पाहिली नव्हती.

मीच म्हटलं, चल, अलीमियाँना भेटून येऊ. ते उम्म अल कुवैनला राहतात, एका बैठ्या घरात. शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर आम्ही मिठाई घेऊन गेलो. नूरजहाँभाभींनी सरबत दिलं. मी उत्साहाने सगळी हकिगत सांगितली, डर्मटचा चेहरा कसा झाला होता ते तर नक्कल करून दाखवलं. अलीमियाँ ऐकत होते. मिठाईचा बॉक्स मधे तसाच होता. माझं संपल्यावर ते सुलक्षणाताईकडे वळले.

‘बाय, माझ्यावरचं बालंट तुम्ही काढलंत. अल्ला तुमचं भलं करो,’ ते म्हणाले. ‘पण एक विचारू?’

ती म्हणाली, विचारा ना.

‘त्या सोमवारी तुमचा कागद साइटवर आला, तेव्हा मी फळ्या खाली काढून ठेवल्या होत्या. कागदात होतं, तपासून योग्य. मी म्हटलं, ऑफिसने कुणाला तरी पाठवून तपासल्या असतील, साहेब काळजीचा माणूस, मागच्या सगळ्या कागदांवरून तसाच वाटायचा. वरून पाहून मी त्या परत चढवल्या. युसुफला मीच वर पाठवला. साहेबाने जे म्हटलं, ते जसंच्या तसं तुम्ही लिहिलं असतं ना, बाय, तर मी काम बंद केलं असतं.’

मला अलीमियाँचा राग यायला हवा होता, पण येईना. मी सुलक्षणाताईकडे बघितलं. तिने सरबताचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

आतल्या खोलीतून युसुफचा आवाज आला, कोण आलंय म्हणून.

भाभींनी पडदा जरासा बाजूला केला आणि आत सांगितलं, ‘ऑफिसच्या बाई आहेत. त्या नाही का, मिटिंगचं लिहितात, त्या.’