थोरलीची जीभ

थोरलीच्या जिभेला दोन कामं होती. समोरच्याला जिथल्या तिथे उत्तर देणं हे एक, आणि चार हजार कोंबड्यांचं खाद्य चाखणं हे दुसरं. पहिल्या कामामुळे घर तिला टरकून असे, दुसऱ्यामुळे धान्यबाजार. ती दुकानात शिरली की मकावाला हमालावर ओरडायचा, "जीभवाल्या बाई आल्या! वरचं पोतं नको, आतलं काढ!"

मक्याचा दाणा ती दाढेखाली धरायची. कट् वाजला तर सुका, नुसताच चेपला तर ओला, आणि ओल्या मक्याला बुरशी ठरलेली. सोयाबीनची पेंड हुंगून ती करपलीय का ते सांगायची. सुक्या मासळीची पूड मात्र चिमटीने जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. मासळी मुळातच खारट निघाली, तर त्या खेपेला खाद्यात मीठ कमी. हे गणित कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायचं कशाला? जीभ होती की!

खाद्याच्या खोलीची किल्ली बावीस वर्षं तिच्या गळ्यात होती. आंघोळीलासुद्धा निघत नसे.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली. कोंबड्यांचा आहार या विषयात शिकलेली. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पण ती दर वाक्याला "जाऊबाई" लावायची, गोड हसायची आणि सगळं वजनकाट्यावर मोजायची. मका इतका, पेंड इतकी, कोंडा इतका. कागद भिंतीला चिकटवलेला.

तेवढंही थोरलीने गिळलं असतं. पण अंड्यांनी दगा दिला.

थोरलीच्या कारकिर्दीत शंभरातली पाच-सहा अंडी ट्रेमध्येच तडकायची. "अंडी आहेत, दगड नव्हेत," असं ती सुनवायची आणि विषय संपायचा. धाकटी म्हणाली, "जाऊबाई, खाद्यातला शिंपल्यांचा चुरा इतका बारीक नको दळायला. जाडसर ठेवू आणि दुपारनंतर देऊ. कवच रात्री तयार होतं ना, तेव्हा पोटात चुना हवा." दीड महिन्यात तडकणं जवळजवळ थांबलं.

अंडीवाला आला. त्याने दोन अंडी एकमेकांवर हलकेच वाजवली आणि कान टवकारला. "वा! खणखणीत! धाकट्या वहिनींच्या हाताला यश आहे हो!"

बावीस वर्षं हीच दाद थोरलीच्या वाट्याची होती. आता ती शेजारी ट्रे धरून उभी राहिली. रंगमंचावर उभं असताना शेजारच्या नटीला टाळी पडावी आणि आपण हातात तबक घेऊन तोंडभर हसत राहावं, तशी.

जेवताना नवरा म्हणाला, "डोकं आहे हो पोरीला."

"मग आमच्या धडावर काय, मडकं?"

"तसं नाही गं. पण किल्ली देऊन टाक तिला. तुझे गुडघेही दुखतात."

"कुलूप काय गुडघ्यांनी उघडते मी?" तिने सुनावलं. तरी दुसऱ्या दिवशी किल्ली दिली. गळ्यावर दोऱ्याचा पांढुरका वळ तेवढा राहिला. आरशात तो दिसला की ती पदर वर ओढून घ्यायची.

सोमवारी मासळीची नवी पोती आली. सवयीने थोरली खोलीत गेली, चिमूट जिभेवर ठेवली आणि सगळं तोंड वाकडं झालं. जणू समुद्रच जिभेवर आला! धाकटी काट्यावर मीठ तोलत होती. कागदावर होतं तेवढंच, नेहमीचं.

थोरलीने तोंड उघडलं. त्याच क्षणी धाकटी मागे वळून हसली. "जाऊबाई, तुम्ही आता बसा बरं आरामात. सगळं कागदावर आहे."

थोरलीचं तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती जीभ गप्प बसली.

मंगळवारी पाण्याची टाकी दुपारीच रिकामी. बुधवारी दोनदा भरावी लागली. पिंजऱ्यांखाली चिखल झाला. नवरा नळीखाली उताणा पडून गळती शोधत होता. "पाणी जातंय कुठे?"

"शोधा, शोधा," थोरली म्हणाली. तिला हसू आलं. पण पलीकडे कोंबड्या माना ताणून पाण्याला चिकटल्या होत्या, दाण्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. तिचं हसू मावळलं. तरी ती बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी दोन कोंबड्या माना टाकून पडलेल्या सापडल्या. धाकटीने काटा तीनदा तपासला होता, मका बदलला होता. रडून तिचे डोळे सुजलेले. तिने गळ्यातली किल्ली काढून थोरलीच्या हातात ठेवली. "घ्या, जाऊबाई. मला नाही जमत. अंडीवाला उगीच म्हणाला."

जिंकली थोरली! दोरा गळ्यात गेला, बरोबर त्या वळावर बसला. तिने खोली उघडली. आधी कालवलेलं खाद्य बाजूला सारलं, मका ओतला, पेंड ओतली, मासळी निम्मी केली आणि मिठाच्या डब्याला हात लावला नाही. चार दिवसांत कोंबड्या सावरल्या असत्या, आणि अंडीवाल्याला कुणाच्या हाताला यश आहे ते नव्याने कळलं असतं.

दारातून आवाज आला. "मीठ राहिलं."

"राहू दे."

"का?"

थोरलीने मासळीची चिमूट तिच्यापुढे धरली. "चाट."

धाकटीने चाटलं आणि लगेच थुंकली. मग भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं. शिकलेली होती, समजायला वेळ लागला नाही. हळूच म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. कोण विचारायला येणार होतं?

"सोमवारी," थोरली म्हणाली.

धाकटी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. या खेपेला "जाऊबाई" लावलं नाही. "माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचा होता. चार दिवस ती मुकी जनावरं पाणी पाणी करत होती."

थोरलीने दोरा गळ्यातून काढला आणि पुढे केला. धाकटीने तो गळ्यात घातला नाही. तिने दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकला आणि किल्ली त्यावर लटकवली. "आता कुणाच्याच गळ्यात नको."

मग पेन काढून भिंतीवरच्या कागदात, मिठाच्या ओळीच्या वर, तिने एक ओळ घातली आणि पाण्याच्या टाकीकडे निघून गेली.

थोरलीने कागदाजवळ जाऊन वाचलं: 'मासळी आधी जाऊबाईंनी चाखावी, मगच मीठ.'

डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तिने पुन्हा एकदा वाचलं. अक्षरसुद्धा मेलीचं मोत्यासारखं होतं.