माझ्या मनगटाचे जाहीर प्रयोग

समस्त आप्तेष्टांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, बाथरूममध्ये घसरून माझं उजवं मनगट मोडलं आहे! लोक भेटायला येत होते, आणि मी उशीवर प्लास्टर ठेवून रोज नव्या थाटात पडून दाखवत होते.

काल प्रयोग ऐन रंगात असताना पोळ्या करणाऱ्या सुमनमावशी चहा घेऊन आल्या. पासष्टीच्या पुढच्या. "माझंबी हेच हाड," म्हणत त्यांनी हात पुढे केला. मनगट बाहेरच्या बाजूला वाकलेलं. गेल्या वर्षी चाळीच्या नळावर पाणी भरताना घसरल्या होत्या म्हणे. हाडवैद्याची पट्टी आमच्या दाराशी सोडून पिशवीत ठेवायच्या आणि आत येऊन पोळ्या लाटायच्या.

घसरलो दोघी सारख्याच. घसरल्यावर आडवं पडून राहायची ऐपत तेवढी माझी होती.

"अहो, मला सांगायचं तरी!" मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर दुसरी बाई लावली असती तुम्ही," मावशी म्हणाल्या, आणि मग सगळ्यांसमोर त्यांना हसूच फुटलं. "तवा पोळी वाकडी झाली तर ताई, तुम्हीच पाव्हण्यांना दाखवून म्हणालात की, 'मावशींनी आज ऑस्ट्रेलिया लाटलाय!'"