नर्मदा उजव्या हाताला

सासूबाई साताऱ्याहून देवासला आमच्याकडे आल्या त्या एक हट्ट घेऊनच: नर्मदा परिक्रमेच्या जुन्या वाटेवर एक दिवस तरी चालायचं. पूर्ण परिक्रमा त्यांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती, म्हणून मी नकाशा पाहून धरमपुरीहून खलघाटच्या दिशेला आठेक किलोमीटरचा सपाट टप्पा ठरवला. नियम त्यांनीच आम्हाला सांगितले. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिची धार कुठेही ओलांडायची नाही.

मला काळजी पाण्याची होती. वरच्या अंगाला धरणं आहेत. वीज करायला पाणी सोडलं की इथली पातळी बघता बघता चढते. काठावर तशी पाटी होती. ती मी दोनदा वाचली आणि सासूबाई आणि बायको दोघींना बजावलं, बांधावरच्या वाटेनेच चालायचं, पात्रात उतरायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू देवळातसुद्धा आधी बाहेर पडायचं दार बघून ठेवतात. त्यात काही खोटं नाही.

बायकोच्या टाचेला फोड आला म्हणून आम्ही दोघं थांबलो. सासूबाई पुढे निघाल्या. त्यांना म्हशींची भीती, त्यामुळे वाटेत बसलेल्या गुराख्याशी त्यांनी थांबून काहीतरी बोलून घेतलं, एवढं मी पाहिलं. पट्टी बांधून मान वर केली तर हरभऱ्याच्या शेतांमधून वाट दूरवर सरळ दिसत होती आणि तिच्यावर कोणीही नव्हतं.

गुराख्याला विचारलं. माताराम, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हशींचं विचारत होत्या, तो म्हणाला. "मैंने कहा, आगे रास्ता खाली है, चले जाओ."

मी पुढे पळणार तोच बायकोने माझी बाही धरली. "अहो, आई खाली गेली."

मला क्षणभर उमजेना. मी देवासात जन्मलेला. आमच्या घरात डबा खाली असतो म्हणजे रिकामा असतो. लग्नानंतर माझ्या आईने साखरेचा डबा खाली आहे म्हटलं, तेव्हा हिने तो ओट्याच्या खाली शोधला होता आणि आम्ही वर्षभर त्यावर हसलो होतो.

तेवढ्यात पाणी सोडल्याचा भोंगा वाजला.

मी दरड उतरून पात्राकडे धावलो. सासूबाई एका सपाट खडकावर उभ्या होत्या. कोरड्या वाळूवरून त्या तिथे गेल्या असाव्यात. आता त्या वाळूवरून पाणी वाहत होतं. पाण्याला आवाज नव्हता. मी एका दगडावर नजर ठेवली. तो अर्धा बुडला, मग दिसेनासा झाला.

मी ओरडून बोलावलं. त्यांनी मान हलवली. त्या घाबरल्या होत्या, पण धार ओलांडणार नाही म्हणाल्या. बायको काठावरून विनवत होती, शेवटी रडायला लागली. उपयोग झाला नाही. मी पाण्यात शिरलो. पाणी गुडघ्याच्या वर आलं आणि खालची वाळू सरकू लागली. त्यांना उचलून आणणं मला जमणार नव्हतं. त्या स्वतः आल्या तरच.

"आई, खलघाटकडे तोंड करून डावीकडे बघा," मी म्हणालो. "नर्मदा तुमच्या डाव्या हाताला आलीय. तिथे थांबलात तरी नियम मोडतोच. इकडे आलात तर ती पुन्हा उजवीकडे होईल."

त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग हात जोडून काहीतरी पुटपुटल्या आणि एक पाय पाण्यात टाकला. मी त्यांचं मनगट पकडलं. मधे एकदा त्यांचा पाय सुटला आणि सगळं वजन माझ्या हातावर आलं. काठ कधी लागला ते मला आठवत नाही.

दरड चढून आम्ही बांधावर आलो, तिथून गाडीरस्त्याला लागलो. बायको आईचा पदर पिळत बरोबर चालत होती.

"जावईबापू, हात सोडा आता," सासूबाई म्हणाल्या. "बांगडी रुततेय."

सोडतो म्हणालो. पण बोटं उघडेनात. शेवटी बायकोने ती एकेक करून सोडवली.